मागच्या सीटवरून सामान निवडताना : वर्धा, हेमलकसा, नवेगावबांध

फेब्रुवारीत आम्ही दोघं मोटारसायकलवर कच्छला जाणार आहोत. त्याआधी सामान कशात न्यायचं हे घरात बसून नाही, रस्त्यावर ठरवायचं होतं. म्हणून दिवाळीची सुट्टी संपता संपता पूर्व विदर्भाचा एक फेरा ठरवला. गाडी नवरा चालवतो, मी मागे बसते. मोटारसायकलच्या सामानावर जे काही बोललं जातं ते बहुतेक चालवणाऱ्यांचं असतं. डबा कोणता, किती लिटरचा, कुलूप कसं. त्या डब्याला पाठ लावून, त्याच्या कडेला पोटऱ्या घासत दिवसभर बसणारं माणूस वेगळंच असतं. दोघांच्या प्रवासाचं सामान मागे बसणाऱ्याने निवडावं, असं माझं ठाम मत आहे, आणि या फेऱ्यात ते आणखी पक्कं झालं.

निघण्याआधी एक हिशेब केला. तो प्रत्येक जोडप्याने करावा. गाडीच्या पुस्तिकेत सगळं धरून जास्तीत जास्त किती वजन चालेल ते दिलेलं असतं. आमच्या गाडीला ते ३८० किलो. टाकीभर पेट्रोलसह गाडी २०० किलोची. उरले १८०. आम्ही दोघं हेल्मेट, जॅकेट, बूट घालून काट्यावर उभे राहिलो तर १४६. म्हणजे सामानाला ३४ किलो, आणि त्यातच सामान ठेवायच्या डब्यांचं नि त्यांच्या लोखंडी सांगाड्याचंही वजन आलं. एकट्याने फिरणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही. मागे माणूस बसलं की लिटर विसरायचे आणि किलो धरायचे.

नवऱ्याच्या मित्राने त्याचे अ‍ॅल्युमिनियमचे डबे दिले होते. बाजूचे दोन प्रत्येकी साडेपाच किलोचे, सांगाडा सात किलोचा, मागचा टॉप बॉक्स त्याच्या पाट्यासह पाच. रिकामेच २३ किलो! कपड्यालत्त्याला ११ उरले. तेवढंच भरलं. पावसाचे सूट, स्वेटर, जास्तीचं सगळं दिराच्या कारमधून आधीच चंद्रपूरला गेलं होतं. दिराकडे आमच्याच मॉडेलची गाडी आहे आणि तो कापडी बॅगा वापरतो. वर्धा ते चंद्रपूर डबे, पुढे जंगलात बॅगा, असा बेत होता.

शुक्रवार : वर्धा ते चंद्रपूर

सकाळी तर्री-पोहे खाऊन निघालो. हिंगणघाटच्या रस्त्याला कापसाच्या गाड्या लागल्या. ज्यांनी हा हंगाम पाहिलाय त्यांना सांगायला नको. मेटॅडोरच्या दोन्ही बाजूंना कापूस इतका बाहेर आलेला असतो की मागच्याला पुढचं काही दिसत नाही, आणि ओलांडताना आपल्या गाडीची रुंदी कळते. डबे लावलेली आमची गाडी हँडलपेक्षा रुंद झाली होती. चालवणाऱ्याला हँडल दिसतं, मागचे डबे दिसत नाहीत. ते मला दिसत होते, आणि प्रत्येक वेळी मी नकळत गुडघे आत घेत होते.

टॉप बॉक्सबद्दल मात्र खरं सांगते, तो मला आवडला. पाठीला आधार मिळतो. ब्रेकनंतर गाडीने पुन्हा वेग घेतला की मागे जायची भीती राहत नाही. पण तो लावताना मूळची मागची दांडी काढावी लागली होती. मागे बसणाऱ्याला धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं कवच, या तीन गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १२३ खाली सक्तीच्या आहेत. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते हे कवच. सामानाचा सांगाडा बसवताना दुकानदार पहिल्यांदा हेच काढून टाकतात. गावाकडे बायका एका बाजूला बसतात, पदर-ओढणी चाकाजवळच असते. सांगाडा असा घ्यावा की साडी गार्ड आणि मूठ दोन्ही राहतील. न राहिले तर तो सांगाडा आपल्यासाठी नाही.

हिंगणघाटच्या पुढे एका कापूस खरेदीवाल्याच्या शेडपाशी चहाला थांबलो. तिथे इलेक्ट्रॉनिक काटा होता. परवानगी घेऊन डबे उतरवले नि वजन केलं. डावा सामानासह १०.२, उजवा ७.९. दोन किलोंच्या वर फरक. हत्यारं डावीकडे होती, त्यातली अर्धी उजवीकडे केली. दोन्ही बाजूंचं वजन डोळ्यांनी कळत नाही, काट्यावरच कळतं. घरी भाजीवाल्याचा लटकवायचा काटा असला तरी पुरतो.

कापूस घेऊन आलेले एक म्हातारे शेतकरी हे सगळं बघत उभे होते. त्यांनी टॉप बॉक्सवर हात ठेवून तो खाली दाबून पाहिला.

"भाऊ, हे तं उलाळ होऊन रायली ना गाडी तुमची."

"म्हणजे कसं, काका?"

"बैलबंडीत मागं वजन टाकलं का जू वर उठते. बैलाच्या गळ्याला फास बसते. बंडी जराशी धुरजड असली तं चालते, उलाळ नाई पायजे. तुमचं समोरचं चाक हलकं नाई लागत का?"

लागत होतं. ऐंशीच्या पुढे हँडल किंचित डुलत होतं, हे नवऱ्याने मला सकाळीच सांगितलं होतं. टॉप बॉक्स मागच्या आसाच्याही मागे असतो. तिथे टाकलेला प्रत्येक किलो मागचं चाक दाबतो आणि पुढचं उचलतो. म्हणूनच बहुतेक टॉप बॉक्सवर तीन ते दहा किलोंच्या मधलीच मर्यादा छापलेली असते, आत जागा कितीही असो. आणि आमच्या गाडीत त्या आसाच्या जवळपास मीही होतेच! काकांनी बंडीचा जो कायदा सांगितला तोच मोटारसायकलचा. जड ते खाली आणि पुढे, हलकं ते वर आणि मागे. तिथेच कुलुपं, पक्कड, पाण्याची बाटली टॉप बॉक्समधून काढून बाजूच्या डब्यांत तळाशी टाकली. पुढचे ऐंशी-नव्वद किलोमीटर हँडल शांत होतं.

वरोऱ्याला आनंदवनात थोडं थांबलो. १९४९ साली बाबा आमट्यांनी सुरू केलेलं हे गाव मी शाळेच्या सहलीत पाहिलं होतं, नवऱ्याने पाहिलं नव्हतं. भद्रावती ओलांडून संध्याकाळी चंद्रपूर. शहरात शिरताना जटपुरा गेट लागतं. गोंड राजांच्या परकोटाचा हा दरवाजा आजही भर वाहतुकीत उभा आहे, त्यातून ऑटो, सायकली, माणसं, सगळं एकदम जातं. आमचा उजवा डबा एका ऑटोच्या आरशाला लागता लागता राहिला. मी तेव्हाच ठरवलं.

शनिवार : चंद्रपूर ते आलापल्ली

सकाळ दिराच्या अंगणात गेली. डबे आणि सांगाडा उतरवला. त्याचे हलके नळीचे स्टे बसवले, तीन किलोंचे. हे स्टे बॅगेला चाकापासून आणि सायलेन्सरपासून दूर ठेवतात, बाकी काही करत नाहीत. त्यावर ताडपत्रीच्या जातीच्या कापडाच्या, वरून गुंडाळून बंद करायच्या दोन बॅगा, जोडी साडेचार किलोंची. टाकीवर एक छोटी बॅग, मागे आडवी एक गोल गुंडाळी. सगळं मिळून दहा किलो. म्हणजे सामानाला २४ किलो मोकळे झाले. कालच्या दुपटीहून जास्त.

"वहिनी, उजवीकडची बॅग आधी लावून बघा," दीर म्हणाला, "तिकडे सायलेन्सर आहे." बॅग लावून, आत भरून, मी मागे बसून पाहिलं. रिकामी बॅग लावून बघण्यात अर्थ नाही. भरल्यावर ती फुगते, आणि दोघं बसल्यावर मागची गाडी खाली बसते. तसं सगळं झाल्यावरही सायलेन्सर आणि बॅगेत चार बोटं अंतर हवं. नसेल तर मधे पत्र्याचं कवच लावावं. याच वेळी माझे पायही तपासले. पायाची पूर्ण टाच पायदानावर बसते का, पोटरीला बॅग टेकते का, उतरताना पाय अडकतो का. पहिल्यांदा बॅग पायदानाच्या फार जवळ येत होती. पट्टे सैल करून ती हातभर नाही, पण चांगली चार इंच मागे घेतली. दुकानात बॅग घेताना हे कोणी करू देत नाही, म्हणून मागे बसणाऱ्याने सोबत जावं आणि हट्टाने बसून बघावं.

चाकातली हवा आणि मागच्या स्प्रिंगचा ताण हेही त्याच वेळी. पुस्तिकेत एकट्यासाठी एक आकडा आणि दोघांसाठी दुसरा दिलेला असतो, दुसरा धरायचा. हवा थंड चाकात मोजायची.

बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी. आष्टीला वैनगंगेचा पूल लागला. आमच्या वर्ध्याचं नाव ज्या नदीवरून आलं ती वर्धा नदी इथून थोडं खाली चपराळ्याजवळ वैनगंगेला मिळते आणि पुढे दोघींची प्राणहिता होते. पुलावर थांबून बराच वेळ पाणी पाहिलं.

आष्टीपासून आलापल्लीपर्यंतचा रस्ता लोहखनिजाच्या ट्रकांचा. सुरजागडच्या डोंगरातलं खनिज याच वाटेने येतं, त्यामुळे झाडांची पानं, दुकानांचे पाल, माणसांच्या भुवया, सगळ्यांवर लाल थर होता. कापडी बॅगेची खरी परीक्षा ही, पावसाआधी धूळ. चेन असलेल्या बॅगेत ही धूळ चेनच्या दातांतून आत जाते आणि दोन दिवसांत चेन अडकते. गुंडाळून बंद होणाऱ्या बॅगेला चेन नसते. आलापल्लीत लॉजवर बॅग उघडली तेव्हा आतले कपडे स्वच्छ होते. टाकीवरच्या बॅगेला चेन होती, तिच्यातला टॉवेल लाल झाला होता.

रविवार : आलापल्ली ते हेमलकसा

आलापल्लीला टाकी काठोकाठ भरली आणि पेरमिली, ताडगाव करत निघालो. दोन्ही बाजूंना साग आणि बांबू. सागाची पानं गळायला लागली होती, रस्त्याच्या कडेला त्यांचा खच होता. मधेच डांबर, मधेच गिट्टी, नाल्यांवर ठेंगणे पूल. पुलाच्या दोन्ही टोकांना रस्ता खचलेला. तिथे गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि नवऱ्याचे दोन्ही पाय जमिनीकडे. अशा जागी कडक डबा असेल तर टेकवलेला पाय मागे जातो आणि पोटरी डब्याच्या धारेवर आपटते. गाडी आडवी झालीच तर पाय डबा आणि जमीन यांच्यात अडकतो. एकटा चालवणारा अशा वेळी उडी मारून सुटू शकतो. मागच्याला ते जमत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना सामान आणि पुढे माणूस असतो. खराब रस्त्यावर दोघांनी कापडीच बॅग घ्यावी असं मी म्हणते त्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे. कुलूप, पाणी, देखणेपणा, सगळं त्याच्या नंतर.

अशाच एका पुलाशी गाडी चिखलात घसरली आणि हळूच डाव्या अंगावर टेकली. बॅग मधे आली. माझा पाय बॅगेखाली होता आणि मी तो सहज काढून घेतला. पट्टे सोडून दोन्ही बॅगा अर्ध्या मिनिटात उतरवल्या, हलकी झालेली गाडी दोघांनी उभी केली, बॅगा परत लावल्या. बैलं घेऊन चाललेले दोन माडिया तरुण मदतीला धावत आले होते, तोवर काम झालं होतं. तरी त्यांनी गाडी ढकलून पलीकडे काढून दिली आणि एक शब्द न बोलता हसत निघून गेले.

दुपारी हेमलकसा. १९७३ साली सुरू झालेला लोकबिरादरी प्रकल्प, दवाखाना, शाळा. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदा आमटे यांनी इथे आयुष्य घातलं. दवाखान्याच्या आवारात झाडांखाली रुग्णांची कुटुंबं स्वयंपाक करत बसलेली होती. त्यांच्याकडे एका गाठोड्यात सगळं सामान होतं, पातेल्यासकट. संध्याकाळी भामरागडच्या संगमावर गेलो. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती इथे एकत्र येतात. पलीकडे छत्तीसगड.

खोलीवर जाताना बॅगा गाडीवरच राहिल्या. लाल चिखलाने माखलेली बॅग कोणाच्या खोलीत न्यायची नाही. आत आणखी एक हलकी पिशवी असते, तीच तेवढी बाहेर काढायची. आमच्या दोन पिशव्या दोन रंगांच्या, डावी माझी, उजवी त्याची. "माझे मोजे कुठे आहेत" हा प्रश्न पूर्ण प्रवासात निघाला नाही. लांबच्या प्रवासात एका पिशवीत दोघांचं भरू नये.

सोमवार : हेमलकसा ते गडचिरोली

आलेल्याच वाटेने आष्टीपर्यंत, मग चामोर्शी. मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते, आणि त्या वळणावर मंदिरांचा समूह. भिंतीवरच्या मूर्तींपुढे मी तास घालवला असता, पण आभाळ भरून आलं.

चामोर्शी सोडली आणि पाऊस सुरू झाला. शेतांत धानाच्या कडपा कापून पडल्या होत्या, बाया-माणसं धावत रचलेल्या पुंजण्यांवर, म्हणजे धानाच्या ढिगांवर, ताडपत्र्या ओढत होती. हातातोंडाशी आलेलं धान असं भिजताना बघणं फार जड जातं. एका बांधावर आम्ही उतरलो, ताडपत्रीची दोन टोकं धरली. पुंजणं झाकून होईपर्यंत आम्ही चिंब झालो होतो. त्या बाईंनी आम्हाला घरात नेलं, काळा चहा दिला, आणि स्वतः मात्र दारात उभ्या राहून शेताकडेच बघत होत्या.

गडचिरोलीला बॅगा उघडल्या. गुंडाळलेल्या दोन्ही कोरड्या. तोंडाची गुंडाळी निदान तीन वेळा वळवायची आणि बॅग गच्च भरायची नाही, नाहीतर तीन वळणं बसत नाहीत. टाकीवरच्या बॅगेचं पावसाचं कव्हर वाऱ्याने फुगून अर्धं निघालं होतं. त्यातली कागदपत्रं वेगळ्या प्लास्टिकमध्ये होती. वरून घालायच्या कव्हरवर माझा विश्वास नाही. पाणी आतल्या पिशवीने अडवायला हवं.

मंगळवार : गडचिरोली ते नवेगावबांध

आरमोरी, मग वडसा. वडशात झाडीपट्टीच्या, म्हणजे या पूर्व विदर्भाच्या, नाटक मंडळ्यांची कार्यालयं ओळीने आहेत आणि या दिवसांत भिंत दिसत नाही इतके फलक. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे इकडची जत्रा, भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक.

वडशाच्या पुढे मागचं चाक पंक्चर. बॅगा काढल्या, गुंडाळी काढली, पंक्चरचं साहित्य डाव्या बॅगेच्या बाहेरच्या खिशात होतं म्हणून कपडे उपसावे लागले नाहीत. तरी जवळच दुकान दिसलं तेव्हा तिथेच गेलो. दुकानदार दादांनी काम करता करता आमच्या मागच्या गुंडाळीवरची हुकवाली लवचिक दोरी बघितली आणि मान हलवली. "हे हुक सुटलं तं डोळ्यात नाही तं चाकात जाते जी." त्यांनी जुन्या ट्यूबच्या दोन लांब पट्ट्या कापून दिल्या. गावातले दूधवाले, सिलिंडरवाले याच पट्ट्यांनी बांधतात. ट्यूब ताण धरून ठेवते, घसरत नाही, हुक लागत नाही. कच्छसाठी आम्ही बकलचे रुंद पट्टे घेऊ, पण या दोन पट्ट्या सोबत असतीलच. पट्टा कोणताही असो, त्याचं मोकळं टोक खोचून ठेवायचं. गाडीच्या चेनमध्ये गेलं तर मागचं चाक जाम होतं.

त्या रात्री अर्जुनी मोरगावजवळच्या एका गावात नाटक होतं. गाडी मैदानाबाहेर लावायची तर कापडी बॅगेला कुलूप नाही, ही तिची खरी उणीव. आम्ही दोन्ही आतल्या पिशव्या काढून घेतल्या. समोरच्या घरातल्या काकू म्हणाल्या, "ताई, ठेवा जी आमच्या वट्यावर, नाटक पाहून या." शहरात, हॉटेलच्या पार्किंगमध्ये असा ओटा मिळणार नाही. तिथे बॅगांतून बारीक तार घालून ती गाडीला कुलपात अडकवावी लागेल.

आणि पाठीचा आधार? टॉप बॉक्स गेल्यावर मला त्याची उणीव भासली होती. आलापल्लीपासून मी गोल गुंडाळी सीटच्या मागे अगदी चिकटवून बांधायला लावली. तिच्यात चादरी, स्वेटर, पावसाचे सूट, सगळं हलकं आणि मऊ. अडीच किलो. पाठ टेकते, गाडी उलाळ होत नाही, आणि मूठही मोकळी राहते. चढताना पाय वरून टाकावा लागतो म्हणून तिची उंची सीटपासून वीतभराच्या वर जाऊ द्यायची नाही. मागे बसणाऱ्याच्या हाताशीही काहीतरी हवं. टाकीवरची बॅग चालवणाऱ्याची. माझं पाणी, मोबाइल, गोळ्या, रुमाल कमरेच्या छोट्या पाउचमध्ये होतं.

नाटक संपायला पहाट झाली. नवेगावबांधच्या तलावावर पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव आजही धानाला पाणी देतात. दुपारपर्यंत तिथेच झोपलो.

बुधवार : घरी

कोहमारा, साकोली, भंडारा, नागपूर, वर्धा. चांगला रस्ता, सांगण्यासारखं काही नाही. साकोलीला तेवढी पातोडी खाल्ली.

कच्छसाठी ठरलं ते असं. गुंडाळून बंद होणाऱ्या दोन बॅगा, दोन्हींत मिळून सोळा किलोंच्या वर नाही. मागे मऊ गुंडाळी. टाकीवर चेनऐवजी झाकणाची बॅग. टॉप बॉक्स नाही. ज्यांचा सगळा प्रवास चांगल्या हायवेवरून आणि रोज शहरात मुक्काम, त्यांनी कडक डबे घ्यावेत, तिथे कुलपाला किंमत आहे. पण त्यांनीही आधी काटा आणावा.

स्टे आम्ही एमआयडीसीतल्या वेल्डरकडून करून घेतोय. साडी गार्ड ठेवून, दिराच्या स्टेपेक्षा दोन इंच खाली आणि दोन इंच पुढे. त्याने माप विचारलं तेव्हा नवऱ्याने मला गाडीवर बसवलं, मी पाय पायदानावर ठेवला, आणि वेल्डरने माझ्या टाचेच्या मागे खडूने रेघ मारून घेतली.